अरमांडला कंटाळा येईपर्यंत

आमच्या पेरेरा कॉर्नर गावात खोटं बोलता न येणारा एकच माणूस होता, आणि नेमका तोच पोलिसात गेला. अरमांड बोर्बा शेरीफच्या खात्यात डेप्युटी होता. कोर्टाच्या दारात उभं राहून लोकांच्या पिशव्या तपासायचा, आणि बायकांच्या पर्समध्ये कात्री सापडली तर स्वतःच लाजायचा. येत्या वसंतात तो निवृत्त होणार होता. चांगल्या नावाने निवृत्त झालेल्या डेप्युटीला खातं त्याचा बिल्ला काचेत बसवून देतं. त्या बिल्ल्यासाठी त्याने डीलियाच्या, म्हणजे बायकोच्या, कपाटातल्या चिनीमातीच्या बश्या हलवून आधीच जागा केली होती. डीलिया म्हणायची, एवढी वाट ह्याने आमच्या पहिल्या पोराचीही पाहिली नव्हती.

मी नॅडीन फ्रेटस. हमरस्त्यावर माझं दुकान आहे. एका बाजूला गळ आणि गांडुळं, दुसऱ्या बाजूला बंदुका. सरकारशी माझं रोजचं येणंजाणं असल्यामुळे माझा स्वभाव खवट झालाय असं माझी बहीण म्हणते. तिने एकदा माझ्या काउंटरमागे बसून पाहावं.

कोणतं पिस्तूल सुरक्षित, याची कॅलिफोर्निया सरकारची एक यादी आहे. यादीतलं पिस्तूल मी कुठल्याही सरळ माणसाला विकू शकते. यादीबाहेरचं 'असुरक्षित', ते फक्त पोलिसांना. म्हणजे सरकारला ज्याची भीती वाटते ते पोलिसांनी कमरेला लावून आमच्यात फिरायचं. तेच पिस्तूल काळ्या रंगात यादीत असतं आणि शेवाळी रंगात नसतं, कारण शेवाळी रंगाची परवानगी कंपनीने मागितलेली नसते. हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगते तेव्हा तो माझ्याकडे बघतो, जणू यादी मीच केली आहे.

आता खरी गोम पुढेच आहे. पोलिसाने घेतलेलं असुरक्षित पिस्तूल त्याला नकोसं झालं, तर तो ते माझ्या काउंटरवरून साध्या माणसाला रीतसर विकू शकतो. पण घेतानाच दुसऱ्यासाठी घेतलं असेल, तर तो केंद्र सरकारचा गुन्हा. पिस्तूल तेच, माणसं तीच, पैसेही तेच. घेणाऱ्याच्या मनात त्या घडीला काय होतं, तेवढ्यावर तुरुंग की घर ते ठरतं.

काइल रासबँड नावाच्या डेप्युटीला ही सोय भलतीच मानवली. तो पिस्तूल घ्यायचा, आणि खोक्याची चिकटपट्टी फाटायच्या आत त्याला त्याचा वीट यायचा. गाडीकडे जाता जाता मन उडालं म्हणायचा. कितीतरी पिस्तुलांवरून त्याचं मन असं उडालं, आणि प्रत्येक वेळी दाम जवळजवळ दुप्पट झाला.

अरमांडलाही लोक गळ घालायचे. त्याला नाही म्हणता येत नसे आणि खोटंही बोलता येत नसे. मग त्याने आपल्यापुरता मार्ग काढला. पिस्तूल अगदी स्वतःसाठी, मनापासून घ्यायचं. रविवारी नेमबाजीच्या मैदानावर नेऊन चालवायचं, रात्री तेलपाणी करायचं, आणि खरोखरीचा कंटाळा येईपर्यंत थांबायचं. कंटाळा आला तरच विकायचं, तेही घेतल्या दामाला. अडचण एवढीच होती की त्याला कशाचाच कंटाळा येत नसे. तोच कोट तो लग्नापासून घालत होता.

गाव टेकीला आलं. दातांचे डॉक्टर व्हिटलो त्याच्या एका शेवाळी पिस्तुलावर डोळा ठेवून होते. ते दर रविवारी चर्चबाहेर गोड पाव आणि कॉफी घेताना त्याला गाठायचे आणि हळूच विचारायचे, आला का कंटाळा? अरमांड ओशाळून म्हणायचा, अजून नाही हो डॉक्टर, उलट जास्तच आवडायला लागलंय. मग डॉक्टरांनी वेगळी युक्ती काढली. ज्या पिस्तुलासाठी जीव टाकत होते त्यालाच ते नावं ठेवू लागले. ह्याची मूठ जाड आहे, ह्याने मनगट कामातून जातं, हा रंग तर ओकारीचा आहे, असं. त्यांचं पाहून बाकीचेही शिकले. जो अरमांडच्या पिस्तुलाची सर्वांत जास्त निंदा करी, त्यालाच ते हवं आहे हे लहान पोरालाही कळायचं. बिचाऱ्याला वाटायचं, गावाला आपली आवड पसंत नाही. वाईट वाटून वाटून शेवटी त्याचं मन खरंच उतरायचं, आणि डॉक्टर नाक मुरडत पिस्तूल घरी न्यायचे.

ह्या सगळ्यात एकच व्यवहार निराळा झाला. तिल्डा अविलाचा. सगळं गाव तिला तिया, म्हणजे मावशी, म्हणतं. नवरा गेल्यावर ती जुन्या गोठ्याशेजारी एकटीच राहते. गेल्या हिवाळ्यात, हात पुढे केला तर दिसणार नाही अशा धुक्यात, कोणीतरी तिचं मागचं दार फोडून तांब्याच्या तारा नेल्या, आणि ती आत पलंगावर सगळं ऐकत पडून होती. तिची बोटं संधिवाताने वाकलेली. माझ्याकडच्या यादीतल्या एकाही पिस्तुलाचा खटका तिला मागे ओढता येईना. ज्याचा ओढता येईल असं एक पिस्तूल होतं, पण ते असुरक्षित. तिया तशीच घरी गेली.

अरमांड तेव्हा गांडुळं घ्यायला आला होता. त्याने सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने ते पिस्तूल मागवलं, आणि पिस्तूल ताब्यात मिळायची सरकारी मुदत सरताच मला म्हणाला की ह्याचा कंटाळा आला. एकदाही चालवलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विक्रीचे कागद पुढे सरकवले. ते तियाकडे गेल्यावर ती माझ्या कानात म्हणाली होती, नॅडीन, माझा नवरा गेल्यापासून न मागता माझ्यासाठी कोणी काही केलेलं हे पहिलंच. कुणाला सांगू नकोस.

मग रासबँडची हाव अंगाशी आली. केंद्राच्या खात्यातून प्रूइट नावाची बाई तपासाला आली, आणि आली तशी शेरीफच्या खात्यातल्या सगळ्यांचीच पिस्तुलं विचारू लागली. गावाने अरमांडला वाचवायचा चंगच बांधला. व्हिटलो डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं की आपल्याला ते पिस्तूल कधीच आवडलं नव्हतं. मग घेतलंत का, असं बाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, दया आली म्हणून. तिया तिल्डाने तर कमाल केली. अरमांडचा त्या पिस्तुलावर भारी जीव होता, तो ते सोडायलाच तयार नव्हता, आपण हातापाया पडून त्याच्याकडून ते काढून घेतलं, असं तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं.

अरमांडची पाळी दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत आली. युनियनच्या वकिलाने त्याला तोंडात मूग धरून बस म्हणून बजावलं होतं. प्रूइटबाईंना त्याच्यात रस नव्हता, रासबँड हवा होता. त्यांनी बोलणं टिपायचं यंत्र चालू केलं, बाकीची पिस्तुलं भराभर उरकली, आणि शेवटी तियाच्या पिस्तुलावर आल्या.

"मिस्टर बोर्बा, हे तुम्ही कोणासाठी घेतलंत?"

"तिया तिल्डासाठी."

मी कॉफी ओतत होते ती बशीत गेली. बाईही थबकल्या.

"म्हणजे घेतल्यावर, पुढे कधीतरी, त्यांचा विचार मनात आला. असंच ना?"

"नाही बाई. आधीच. दुकानात शिरायच्या आधी."

"नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? तिचे हात पाहिले ना मी."

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "मिसेस अविलांनी काल आम्हाला बरोबर उलट सांगितलंय. आमच्याशी खोटं बोलणं हाही गुन्हा आहे, वय कितीही असो. तेव्हा दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय. कोण ते तुम्हीच सांगा."

आपल्या खऱ्याने म्हातारी गोत्यात येईल हे अरमांडला तेव्हा कुठे कळलं. तो पार पांढरा पडला. फ्रीजमधल्या गांडुळांच्या डब्यांकडे बघत राहिला. मला वाटलं हा आता रडणार.

"मी," तो म्हणाला.

"तुम्ही कधी खोटं बोललात?"

"आत्ताच. ते पिस्तूल मी... मला हवं होतं म्हणून घेतलं."

इतकं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. एवढं म्हणताना त्याने तीनदा आवंढा गिळला. त्याने आणखी काही सारवासारव करायच्या आत प्रूइटबाईंनी यंत्र बंद केलं आणि मला म्हणाल्या, कॉफी द्या. त्या बाईबद्दल मी कधीही वाईट बोलणार नाही.

खटला झाला नाही. पण यंत्रातलं सगळं नियमाप्रमाणे शेरीफच्या खात्यात गेलं, आणि तिथल्या शहाण्यांनी ते मन लावून ऐकलं. ते म्हणाले, आमचा डेप्युटी केंद्राच्या अधिकाऱ्याशी खोटं बोलला, असं तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. असल्या माणसाला साक्षीला कसं उभं करायचं? उद्या कुठलाही वकील त्याचं ते बोलणं कोर्टात वाजवून दाखवील. वसंत तोंडावर आला असताना त्यांनी अरमांडला अप्रामाणिकपणाबद्दल बडतर्फ केलं. त्या खोलीत तो जे खरं बोलला होता, तेच त्यांनी खोटं म्हणून धरलं. मी स्वतः जाऊन कॅप्टनशी भांडले. तो म्हणाला, नॅडीन, मग तुझं म्हणणं काय, तो नेमकं कधी खोटं बोलला? मला दात-ओठ खात परत यावं लागलं, कारण उत्तर दिलं असतं तर तिया अडकली असती.

रासबँडने वकिलाचं ऐकून तोंडच उघडलं नाही, त्यामुळे त्याला खोटारडा म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्याची चौकशी अजून चालूच आहे. तोवर तो भरपगारी रजेवर आहे. त्याने बोट घेतली.

अरमांड आता माझ्या दुकानात गळांच्या बाजूला बसतो. डीलियाला त्याने खरं सांगितलंय, आणि मी तर तिथेच होते. बाकी कुणाला कळून चालणार नव्हतं, तियाला तर नाहीच, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. रविवारी चर्चबाहेर ते गावभर झालं असतं, आणि प्रूइटबाईंना पुन्हा यंत्र चालू करावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात तिया दुकानात आली. काही घ्यायचं नव्हतं. काउंटरला टेकून उभी राहिली.

"तू त्यांना सांगितलंस म्हणे, पिस्तूल तुझ्यासाठीच होतं."

"हो."

"ते मीही सांगितलं. सांगायचं म्हणून. पण माझ्याजवळ खरं सांग, पोरा. माझ्यासाठी घेतलं होतंस ना?"

मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे पाहत राहिले. एवढं एक तरी म्हातारीला मिळावं असं मला फार वाटत होतं.

"नाही तिया," तो तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला. "तुझा विचारही मनात नव्हता."

आवाज अडखळला नाही, आवंढा नाही, काही नाही. तियाने काउंटरवरची पर्स उचलली. मग म्हणाली, बरं झालं कळलं, उगाच मी काहीतरी समजून बसले होते. पर्स काखेत धरून ती सावकाश बाहेर पडली, आणि अरमांडने तिच्यासाठी दार उघडून धरलं.