अनेस्टिस मिस्त्रीचं बाथरूम

"मिस्त्रीनं स्वतःचं बाथरूम फोडायचं ते बाहेरची कामं संपल्यावर," असं अनेस्टिस एकदा म्हणाला होता.

ईस्टरचा दिवस होता. अनेस्टिस म्हणजे मरणातून उठलेला, त्यामुळे त्याच्या नावाचा सण त्याच दिवशी येतो, म्हणून इमारतीतले आम्ही सगळे न बोलावता चौथ्या मजल्यावर जमलो होतो. कोकराचं मटण संपत आलं होतं, ताटांच्या कडेला लाल अंड्यांची टरफलं पडली होती. तो टब यंदा तरी निघणार का, असं त्याच्या बायकोनं, सुल्तानानं, सगळ्यांदेखत विचारलं होतं.

"बाहेरची कामं आहेत कुठं?" ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, तुझ्या थापीला सिमेंट लागलेलं नाही."

"लागेल."

"तोवर मला टबात उतरवायला क्रेन आण."

सगळे हसले. मीही हसलो. मी त्यांच्या थेट खाली, तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या दोन्ही बाथरूमच्या खिडक्या एकाच अंधाऱ्या डक्टमध्ये उघडतात. त्यामुळे त्यांच्या संसारातलं बरंच काही मी कान न देताही ऐकलेलं आहे.

अनेस्टिस फरशी बसवणारा. थेसालोनिकीत, आमच्या कालामारियाच्या बाजूला, समुद्राकडच्या इमारतींतली कितीतरी बाथरूमं त्याच्या हातची. त्यानं केलेल्या भिंतीवरून तळवा फिरवला तर एक फरशी कुठं संपते नि दुसरी कुठं सुरू होते ते कळत नाही. त्याचं स्वतःचं बाथरूम मात्र इमारत बांधली तेव्हाचं, एकाहत्तर सालचं. फिकट हिरव्या फरश्या, गंजके नळ आणि तो आखूड, खोल टब. त्याची कड मांडीइतकी उंच. त्यात माणसाला आडवं होता येत नाही, गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. सुल्तानाच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्या कडेवरून पाय टाकणं तिला दर महिन्याला थोडं जास्त जड जात होतं.

बरे दिवस होते तेव्हा त्याला वेळ नव्हता. मंदी आली आणि वेळच वेळ झाला. मग तो म्हणाला, फरश्यांचे भाव अजून उतरतील, थांबू. पुढल्या वर्षी म्हणाला, कोपऱ्यावरचं दुकान बुडायच्या बेतात आहे, माल मातीमोलानं काढतील. दुकान बुडालं. माल कुठं गेला कुणाला कळलं नाही. तिसऱ्या वर्षी त्यानं कारणं देणं सोडलं. सकाळी सहाला सिमेंटचे डाग असलेली विजार चढवायचा आणि कॉफीच्या दुकानात जाऊन बसायचा.

हे दुकान म्हणजे आमच्याकडचा मिस्त्र्यांचा नाका. ठेकेदार सकाळी तिथंच येतात, बसलेल्यांतून माणूस उचलतात. महिनोन् महिने कुणी कुणाला उचललं नव्हतं, तरी रोज तीच दहा-बारा माणसं कामाच्या कपड्यांत येऊन, एकेक कॉफी दुपारपर्यंत पुरवत बसायची. मीही तिथं असायचो, पेपर वाचत. एवढ्या बायामाणसांचं, पोरांचं जगणं ज्या हातांवर, ते हात टेबलावर नुसते ठेवलेले बघवत नसत. टेबलही त्यांच्यापेक्षा कामाचं वाटायचं.

त्यांच्यात स्ताव्रोस नावाचा एक गिलाव्याचा मिस्त्री होता. रिकाम्या वेळात त्यानं घरचं स्वयंपाकघर नवं केलं. तीन आठवडे दुकानात दिसला नाही. परत आला त्या दिवशी खुर्चीत बसतो न बसतो तोच कोणीतरी ओरडलं, "या पेन्शनर! नातवंडं काय म्हणतात?" दुसरा म्हणाला, "अरे, याच्या नावानं गहू उकडा कोणीतरी." मेलेल्याच्या नावानं आम्ही गोड गहू उकडून देवळात वाटतो. स्ताव्रोसही हसला. पण त्या महिन्यात एक किरकोळ काम घेऊन ठेकेदार आला, तेव्हा त्याची नजर स्ताव्रोसच्या डोक्यावरून पलीकडच्या टेबलाकडे गेली. स्ताव्रोस पुढं यायचाच बंद झाला.

"बघितलंस?" परतताना अनेस्टिस मला म्हणाला. "घर फोडलंस की संपलास. लोकांना वाटतं, याला कोणी विचारत नाही म्हणून घरात खेळत बसलाय."

"पण खरंच कोणी विचारत नाहीये."

"ते मला माहीत आहे रे. त्यांना कशाला कळायला हवं?"

मी वाद घातला नाही. आपण मेलेलो नाही हे दाखवायला माणूस रोज सकाळी उठून कपडे घालतो, आणि बघणारेही तेवढ्यासाठीच आलेले असतात.

एका ऑक्टोबरात मात्र सुल्तानानं त्याला कबूल करवलं. पाणी बंद झालं, डक्टमधून छिन्नीचा पहिला ठोका ऐकू आला. टबाशेजारची एक फरशी निघाली. तेवढ्यात फोन वाजला. हाल्किडिकीला एका हॉटेलात बारा बाथरूमं होती. तो पिशवी घेऊन धावत जिना उतरला. मला पाहून थांबला आणि दोन्ही हातांनी माझे खांदे दाबले. इतका तरणा तो मला कधीच दिसला नव्हता.

चौथ्या दिवशी परत आला. हॉटेलच्या मालकानं काम थांबवलं होतं. दोन बाथरूमं मोजून झाली होती, तेवढंच.

काढलेली फरशी तशीच राहिली. टबाच्या कडेवरून उडालेलं पाणी त्या भोकातून मुरायला लागलं आणि माझ्या छतावर तपकिरी डाग पडला. मी त्याला दाखवायला बोलावलं. त्यानं स्टुलावर चढून डागाला हात लावला, वास घेतला.

"वरची पाइपलाइन ठीक आहे. वसंतात करू."

"कुठल्या वसंतात, मिस्त्री?"

"तूही मागे लागू नकोस रे."

तो हिवाळा फार वाईट गेला. इमारतीच्या सभेत मतदान होऊन घरं तापवणाऱ्या रेडिएटरसाठी तेल न घ्यायचं ठरलं. सुल्तानाचा खुबा थंडीनं आखडायचा. तो शेकायला ती सकाळी टबात कढत पाणी भरून बसायची. जानेवारीतल्या एका सकाळी डक्टमधून माझं नाव ऐकू आलं. ती ओरडत नव्हती, साधं बोलावत होती.

"ऐकतोस का? मला उठता येत नाहीये."

"किती वेळ झाला?"

"पाणी गार झालं, एवढा."

त्यांची एक किल्ली माझ्याकडे असते. मी वर गेलो, बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहिलो, आणि आत जाता येईना. तीही म्हणाली, "तू नको रे. बाईमाणूस आण." मी धावत तळमजल्यावर गेलो, तिथल्या दोघी मायलेकींना घेऊन आलो. त्यांनी तिला बाहेर काढलं, पांघरुणात गुंडाळलं. तिचे ओठ निळे होते. अनेस्टिसला फोन करू का, असं विचारलं तर म्हणाली, "नको. तो कामाची वाट बघतोय."

ते टोचून बोललेलं नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

दोन दिवसांनी ती जिना एकेक पायरी करत माझ्याकडे आली. "आगीमचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

आगीम अल्बानियाचा. अकरा वर्षं अनेस्टिसच्या हाताखाली होता. साइटवर त्याला लाम्ब्रोस म्हणायचे, ते नाव अनेस्टिसनंच दिलेलं, ठेकेदारांच्या तोंडात बसावं म्हणून. आता चाळिशीचा झाला होता. मिळेल ते काम मिळेल त्या दरानं करायचा. नाक्यावर बसायचा नाही.

"त्याला विचारून घ्या की आधी," मी म्हणालो.

"चार वर्षं विचारते आहे. अजून किती विचारू?"

मी नंबर दिला. माझ्या छताचा डागही तेव्हा मनात होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

सोमवारी अनेस्टिस सहाला गेला आणि सातला आगीम आला. एका माणसाचं काम वाटणार नाही इतक्या वेगानं तो लागला. दहापर्यंत टब निघाला होता, चौथ्या मजल्यावर जिन्यापाशी पालथा पडला होता. मी वर गेलो. सुल्ताना स्वयंपाकघरातून खुर्ची आणून दारात बसली होती, केसांवर सिमेंटची धूळ. आगीमला तिनं कॉफी आणि चीजची पोळी दिली होती, ती तशीच होती.

"खा रे बाबा."

"नको वहिनी. मिस्त्री यायच्या आत तळ तरी भरून घेतो."

पण अनेस्टिस त्या दिवशी लवकर आला. नाक्यावर कुणीतरी सांगितलं असणार, आमच्याकडे राडारोड्याची पोती जिन्यावरून उतरली की गल्लीला कळतं. तो पालथ्या टबापाशी थांबला. मग आत आला.

त्यानं बाथरूममध्ये नजर फिरवली. भिंत उघडी, विटा लाल, नवा पाइप जागेवर. तो वाकला, ताज्या कोब्यावर लेव्हल ठेवली, बुडबुडा बघितला. मग गुडघ्यावर बसून कोपरे हातानं चाचपले. चूक शोधत होता. निदान एक तरी सापडावी असं मलाही वाटत होतं. त्यानं लेव्हल पुसून आगीमच्या पिशवीवर ठेवली.

"अनेस्टिस," सुल्ताना म्हणाली, "मला आंघोळ करायची होती रे. बाकी काही नाही."

त्यानं मान हलवली. राग दिसला नाही. राग असता तर बरं झालं असतं, कुठंतरी काहीतरी जिवंत आहे असं वाटलं असतं.

आगीम उभा राहिला. हात विजारीला पुसले. थापी उलटी धरली, मूठ त्याच्याकडे करून.

"मिस्त्री, उतार कुठल्या बाजूला देऊ? मला नीट कळत नाहीये."

पाणी जायची जाळी कोपऱ्यात बसवलेली होती. उतार कुठल्या बाजूला द्यायचा ते मलासुद्धा दिसत होतं. अकरा वर्षं ज्याच्या हातून शेकडो बाथरूमं झाली तो माणूस हे विचारत होता, आणि का विचारतोय ते खोलीत सगळ्यांना कळलं होतं. अनेस्टिसलाही. तो त्या पुढं केलेल्या मुठीकडे बघत राहिला. त्याचा हात थोडा उठला, मग परत खाली गेला.

सुल्ताना खुर्ची सरकवून बाजूला झाली. तो तिच्या जवळून, टबाला वळसा घालून, जिन्याकडे गेला.