तिरफळाविना बांगडा

तिरफळाचा वास आला की मला माझा मूर्खपणा आठवतो. लालबागच्या चाळीत सासूबाई माझ्या कालवणात पुन्हा मीठ टाकायच्या आणि मी बावळट समजायचे, मला छळायला करतात. मग एकदा त्यांनी बांगडे साफ न करताच शिजत टाकले. मालवणच्या बाईने हे मुद्दाम करणं शक्यच नाही! मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर. लगेच मी शहाणीने त्यांना स्वयंपाकघर बंद केलं. हळूहळू त्या मला ओळखेनाशा झाल्या. एका सकाळी मी बांगडे शिजवत होते, तर त्या आत आल्या, वास घेतला आणि माझ्या हातातली पळीच हिसकावली. तेव्हा जे म्हणाल्या, ते आता मी सुनेला ऐकवते : "तू कोण गो, माका आठवत नाय. पण तिरफळां घातल्याशिवाय बांगडो शिजवतस? सर बाजूक!"