उतारावरची काटकसर

डेपोत कुठल्या रस्त्याला कुठली बस जायची, हे ती ठरवायची. शहरातल्या गर्दीला बॅटरीच्या गाड्या, लांबच्या सपाट रस्त्याला गॅसच्या आणि डोंगरापलीकडच्या इस्पितळाला जुनी डिझेल. धूर कमी व्हायला हवा, पण माणसंही पोचायला हवीत, असं तिचं साधं गणित. त्या सकाळी मात्र धूर आणखी कमी करायला तिनंच ते मोडलं. डिझेल आवारात उभी असताना डोंगरावर बॅटरीची बस धाडली, आणि चालवायला दिली खुद्द बापाला.

"उतारावर बॅटरी पुन्हा भरते, बाबा."

बाबांनी नुसतं हं केलं. ते डेपोतले नावाजलेले चिक्कू. डिझेलचा थेंब वाया जाऊ देतील तर शपथ!

पहिला घाट चढून गाडी उताराला लागली. इकडे डेपोत तिच्यासमोरच्या पडद्यावर गाडीच्या चार्जिंगचा आकडा आता वाढायला हवा होता. तो हलेना. पुढे इस्पितळाची उभी चढण, गाडीत निम्मी माणसं आजारी. मध्येच बंद पडली तर? गाडी तर सकाळीच तपासली होती. मग काय बिघडलं?

आणि एकदम तिच्या लक्षात आलं. न्यूट्रल! उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकायची, ही इंधन वाचवायची बाबांची जन्माची खोड. मोटर सुटी केल्यावर बॅटरी भरणार कशी, कपाळ?

वायरलेसवर बोलावं, तर झाडून सगळे ड्रायव्हर ऐकणार. त्यातल्या निम्म्यांना बाबांनीच गाडी शिकवलेली. पण चढण जवळ येत होती.

"बाबा, गाडी न्यूट्रलला आहे का?"

"मग? उताराला इंजिन जाळू?"

"इंजिन आहेच कुठे जाळायला! ब्रेक लावून थांबा, गिअरमध्ये घ्या. मग अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप आवरते. तेव्हाच ती चार्ज होते."

कुणीतरी खुदकन हसलं. तिला रडूच यायचं बाकी होतं. मग आकडा एकानं सरकला. पुन्हा सरकला. गाडी इस्पितळाच्या दारात लागली, तेव्हा कुठे तिनं पडद्यावरून नजर काढली.

संध्याकाळी बाबा समोर येऊन उभे राहिले. चारचौघांत बापाची शोभा केली होती तिनं.

"उद्या डिझेल देते तुम्हाला," ती घाईनं म्हणाली.

"नको. हीच दे." त्यांनी मान वर केली नाही. "पण दोन दिवस शेजारी बसशील? डोक्यात शिरलंय गं माझ्या. हात ऐकत नाही."