इंजिन तापेपर्यंत

उभ्या कतारमध्ये थंडीला घाबरणारा एकच माणूस होता, आणि तो अल मुंतझातल्या आमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचा. आता दोह्याची थंडी ती काय! जानेवारीत पहाटे जरा धुकं पडतं, माणसं हौसेनं स्वेटर घालतात आणि अकरा वाजता काढून ठेवतात. पण या नाशिककर गृहस्थांना काळजी स्वतःची नव्हती, जुन्या मोटरसायकलच्या पोटातल्या ऑइलची होती. गार इंजिन सुरू केलं की आत वाफेचं पाणी धरतं. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं, पाच मिनिटांत बंद केलं तर ऑइलमध्ये मिसळून झाकणाखाली पांढरट थर जमतो. "साय दुधावर शोभते हो, ऑइलवर नाही," असं ते मला दर शुक्रवारी झाकण उघडून दाखवत सांगायचे.

म्हणून थंडीत अर्ध्या तासाच्या आत गाडी बंद करायला त्यांच्या घरात बंदी होती. खुबूसच्या रोट्या आणायला ते पायी जात. एकदा वहिनींचा गुडघा दुखत होता, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला त्या गाडीवर बसल्या, तर परतताना यांनी त्यांना थेट पन्नास किलोमीटरवरच्या अल खोरला फिरवून आणलं. कोथिंबीर सुकून गेली. "नशीब, सप्तपदीला गाडी नव्हती," वहिनी म्हणाल्या.

तेव्हा वर्ल्डकपची तयारी ऐन भरात होती. रोज नवा रस्ता बंद, रोज नवं डायव्हर्जन. सगळं दोहा वैतागलेलं, हे एकटे खूश. स्टेडियमकडे जाणारे रस्ते करणाऱ्या कंपनीत ते इंजिनिअर होते. निम्मी डायव्हर्जनं त्यांनी स्वतःची गाडी तापावी म्हणूनच टाकली असावीत, असा माझा दाट संशय होता.

मग रस्ते पूर्ण झाले आणि सामन्यांच्या आधीच्या थंडीतच त्यांचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं. मोटरसायकल कुणाच्या हाती सोपवायची या चिंतेनं त्यांना अन्न गोड लागेना. मला ती हवी होती, अगदी मनापासून.

"तुमचं ऑफिस किती लांब?"

"पाच मिनिटं," मी खरं सांगून बसलो.

त्यांचा चेहरा पडला. "मग कसं जमायचं हो?"

मी रोज पाऊण तास आधी निघेन, वळसा घालून जाईन, असं परोपरीनं सांगितलं. "बघू, इन्शाल्ला," एवढंच ते म्हणाले.

निघायच्या दिवशी वहिनी आणि सामान एका मित्राच्या कारमधून विमानतळाकडे गेलं. यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली आणि स्वतः मागच्या सीटवर बसले. "यल्ला, चला." विमानतळ पंधरा मिनिटांवर, हातात भरपूर वेळ. सिग्नलला मी उलट, उत्तरेकडे वळलो. मागून पाठीवर एक थाप पडली.

त्यांनी केलेल्या एकूण एका रस्त्यावरून आम्ही गेलो. सामन्यांच्या गर्दीसाठी केलेले ते रुंद रस्ते अजून मोकळेच होते. ती गर्दी पाहायला ते इथे नसणार, हे मला तेव्हा फार लागलं. विमानतळाशी उतरल्यावर त्यांनी वाकून इंजिनाजवळ तळहात धरला.

"छान तापलंय. आता बंद केलं तरी चालेल."

पण किल्ली फिरवायला माझा हात धजावेना.