बोलल्याशिवाय हात घालायचा नाही

त्या दिवशी सेलूत ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. वारा होता, पण तोही भट्टीवरून आल्यासारखा. धनराजनं दुकानाच्या फरशीवर दोन बादल्या पाणी मारलं होतं आणि आम्ही सगळे चपला बाहेर काढून त्या ओल्यात पाय गार करत बसलो होतो.

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात, धूळ आणि किस्से. मागचं झाकण उघडलं की दोन्ही एकदम अंगावर येतात!

धनराज मेकॅनिक. मी हातगाडीवर गादी टाकून लोकांचे सेट आणायचो, पोचवायचो. झाकण काढणं आणि धूळ फुंकणं एवढंच माझं, बाकी सारं धनराजचं. शाळा मी बाहेरूनच पाहिली. पण त्या दुकानात बसून एक गोष्ट पक्की समजली. प्लग काढला म्हणजे टीव्हीतला करंट गेला, असं नाही. पिक्चर ट्यूबच्या काचेत तो मुरून बसतो, लोणच्यात मीठ मुरावं तसा. बाहेरून काही दिसत नाही.

म्हणून धनराजचा नियम होता. एका पेचकसाला वायर बांधलेली. वायरचं टोक ट्यूबच्या लोखंडी पट्टीला अडकवायचं आणि दुसरा हात पाठीमागे धरून पेचकस ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचा. चट्ट! मुरलेला करंट निघाल्याचा हा आवाज झाला की ज्यानं केलं त्यानंच मोठ्यानं म्हणायचं, "बोलला!" हा शब्द कानावर पडल्याशिवाय दुसऱ्यानं आत हात घालायचा नाही. डोळ्यांनी पाहिलं असलं तरी नाही.

"दोघं काम करून राह्यले की एकाले वाटते दुसऱ्यानं केलं," धनराज म्हणायचा. "म्हणून तोंडानं सांगाचं."

*

तर त्या उन्हाच्या दिवशी देवराव आला. देवराव माझा शेजारी, आमच्या दोघांच्या अंगणात एकच भिंत. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता आणि बोलायला असा की समोरच्याचा चहा गार व्हायचा. सकाळी भिंतीवरून हाक मारायचा, "उठला का बे, महादेव?" माझी बायको गेल्यापासून माझी सकाळ त्या हाकेनंच व्हायची.

सेट त्याचाच होता. झाकण मी नुकतंच काढलं होतं, धनराज पेचकस शोधत होता.

"काय झालं त्याले, मी पाह्यतो," म्हणून देवराव वाकला.

"भाऊ, थांबा! बोलला नाई तो अजून!" धनराज ओरडला.

"प्लग काढला ना! आता का करते तो मले?"

एक हात पट्टीवर, दुसरा टोपीखाली. चट्ट! देवराव ओल्या फरशीवर सपाट. डोळे उघडे, तोंड उघडं, आवाज नाही.

बाकावर बसलेला शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, "टीव्ही बोलला अन् देवरावभाऊ मुका झाला!"

सगळं दुकान हसलं. उठवायला पहिला मी धावलो, म्हणून रागही पहिला माझ्याच वाट्याला आला. देवरावनं माझा हात झटकला, चपला घातल्या आणि गेला. सेट मी संध्याकाळी पोचवला, तो त्याच्या सुनेनं, मंदानं, उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली नाही. पावसाळा गेला, थंडी आली, तरी नाही!

*

बोलला या शब्दानं आणखी एक घोटाळा केला. एका किराणावाल्या शेठच्या टीव्हीचा आवाज गेला होता. त्यांनी पानठेल्याच्या फोनवर विचारलं, "आमचा टीव्ही बोलला का?"

पानठेलेवाल्यानं आत ओरडून विचारलं. धनराजनं मान वर न करता सांगितलं, "बोलला! दोनदा बोलला!"

अर्ध्या तासात शेठ, शेठाणी आणि पोरं रिक्षा घेऊन हजर. पाहतात तर सेटचं हाड न् हाड टेबलावर पसरलेलं.

"हा बोलला म्हणता?"

"बोलला ना, शेठजी. दुरुस्त झाला कुठं म्हटलं!"

*

सावंगीच्या मेडिकलचा एक विद्यार्थी फ्लॅशवाला कॅमेरा घेऊन आला. घरीच उघडून पाहायला गेला आणि बोटाला झटका बसला. त्याला मोठं नवल वाटत होतं.

"काका, सेल तर मी आधीच काढले होते!"

"डॉक्टरसाहेब, जेवल्यावर ताट उचललं म्हणून पोट रिकामं होते का?" धनराज म्हणाला. "आत कंडेन्सर आहे, करंट साठवून ठेवते तो. त्याचं जेवण होऊन गेलतं."

पोरगा खूप हसला. पुढच्या खेपेला कॅमेरा आणला तो दुरूनच धरून. "काका, आज हा उपाशी आहे की जेवलेला?"

*

लोडशेडिंगच्या दिवसांत एक आजी यायची. दुकानात ठेवलेल्या टेपचा लाल दिवा लाइट गेल्यावरही थोडा वेळ जळताना तिनं पाहिला.

"लाइट गेली ना रे? मंग हा काऊन जळते?"

"आत उरलेला करंट आहे, आजी. थोडा वेळ राह्यते."

"असं का! मंग त्याच्यावर पंखा लाव ना. मी उकडून राह्यली!"

"आजी, वाळत घातलेल्या लुगड्यातून थेंब गळते. त्याच्यात आंघोळ होते का?"

आजी थोडा वेळ दिव्याकडे पाहत बसली. दिवा विझला तशी म्हणाली, "तोंड तरी धुतलं असतं."

*

खुद्द धनराजलाही एकदा झटका बसला. त्यानं पेचकस लावला, चट्ट झालं, "बोलला!" म्हणाला आणि चहाला गेला. सावकाश पान खाऊन आला, हात घातला आणि मागच्या कपाटावर जाऊन आदळला!

"धनराज, बोलला होता ना तो?" मी विचारलं.

"बोलला होता, काकाजी." तो दंड चोळत म्हणाला. "पण सारं एका दमात नाई बोलत हे. थोडं मनात ठेवते. मंग हळूहळू वर येते."

मी बाकाकडे पाहिलं. तिथली देवरावची बसायची जागा रिकामी होती.

*

त्या थंडीत एके दिवशी मंदा भिंतीशी आली. "काकाजी, टीव्ही बंद पडला. धनराजभाऊ सामान आणाले नागपूरले गेले म्हणते. तुम्ही निदान धूळ तरी काढून पाहा ना."

मी दुकानातला वायरवाला पेचकस घेऊन गेलो. देवराव खाटेवर बसला होता, तोंड भिंतीकडे. मी राम राम केला. भिंतीनं ऐकला.

प्लग काढला, झाकण उघडलं, वायर पट्टीला अडकवली. हे काम एरवी धनराजचं, माझ्या हाताला सवय नव्हती. पेचकस टोपीखाली जाईना. एकदा घसरला, पुन्हा घसरला.

"काकाजी, राहू द्या," मंदा म्हणाली. "मले भेव लागून राह्यलं."

खाट करकरली. देवराव उठून आला. माझ्या हातातून त्यानं पेचकस घेतला, माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसरा हात पाठीमागे धरला, अगदी धनराज धरायचा तसा, आणि टोक हळूच टोपीखाली सरकवलं.

चट्ट!

पेचकस खाली ठेवून तो बाजूला उभा राहिला. मी हात घातला नाही.

मंदा म्हणाली, "काकाजी, झालं ना?"

"मले का माहीत?" मी म्हटलं. "मले काई ऐकू नाई आलं."

देवरावनं भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे. मी ब्रश मांडीवर ठेवून बसलो. मला कुठं जायचं होतं? चुलीवरचं दूध उतू गेलं, मंदा आत पळाली, परत आली. आम्ही तसेच.

शेवटी देवरावनं घसा खाकरला.

"बोलला बे, महादेव! घाल आता हात."