अंगठा दिसला की वर

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पाण्याखाली माणसं फिरवतो. म्हणजे बेटावर सुट्टीला आलेल्या लोकांच्या पाठीला हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी द्यायची, खाली नेऊन मासे दाखवायचे आणि जिवंत परत आणायचं. लोक याला मौज म्हणतात, म्हणोत बापडे. मी त्याच बोटीचं सुकाणू धरतो, आणि इतकी वर्षं धरूनही माझं मत तसूभर हललेलं नाही. देवाने माणसाला कल्ले दिले नाहीत, यातून माणसाने काय ते समजावं.

पाहुणे त्यांना मास्तर म्हणतात, मी दाजी म्हणतो. अंगाने काटकुळे, उन्हाने रापून काळेठिक्कर, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं. ताई सांगते, लग्न झालं तेव्हा तिला वाटलं माणूस लाजाळू आहे, सरावेल. वर्षभराने कळलं, हे असंच राहायचं. पाण्याखाली मुळी बोलताच येत नाही, म्हणून तिथे दाजींचं बरं जमत असावं.

दुकान धक्क्याच्या टोकाला आहे. वर पत्रा, खाली कायम ओली फरशी, दांडीवर रबरी सूट उलटे टांगलेले, कोपऱ्यात टाक्या भरायचं यंत्र दिवसभर डोकं उठवतं. मधोमध गोड्या पाण्याचा हौद, त्यात खारट झालेले मास्क आणि नळ्या बुचकळायच्या. नवशिके इथे येतात तेव्हा फार हसत असतात. हसणं जितकं मोठं तितकी आत तंतरलेली, हे मी लांबूनच ओळखतो. दाजी त्यांना आधी किनाऱ्यालगत कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांवर बसवतात. भाषण नाही, धाक नाही. एकच सांगतात, "श्वास रोखायचा नाही. बाकी मी आहे." मग स्वतः मागे जाऊन टाकीचं मानगूट धरतात आणि वर येईपर्यंत सोडत नाहीत. ऑफिसात दहा जणांना घाम फोडणारी माणसं इथे शाळेच्या पहिल्या दिवशीसारखी मागे वळून वळून बघतात, मास्तर आहेत ना.

दाजींचा एक नियम आहे. तसा तो या धंद्यात सगळीकडेच आहे म्हणतात, पण दाजींच्या बोटीवर तो पाळला जातो. पाण्याखाली अंगठा वर केला की अर्थ एकच, वर चला. कुणीही करावा, नवशिक्याने, मुरलेल्याने, कधीही. एकाने केला की त्याच्याबरोबरच्या सगळ्यांनी वर यायचं. आणि बोटीवर आल्यावर का म्हणून विचारायचं नाही. भीती वाटली, कंटाळा आला, घरची आठवण आली, काहीही असो. दाजी म्हणतात, कारण द्यावं लागणार असं कळलं की माणूस कारण सापडेपर्यंत खाली थांबतो, आणि तेवढ्यात मरतो. दाजींच्या मानाने हे लांबलचक भाषणच झालं.

एकदा एक नवी नवरी आली होती. खाली पिवळ्या माशांचा थवा बघून ती हरखली आणि छान आहे म्हणून तिने अंगठा वर केला. दाजींनी तिला वर आणलं. ती म्हणाली, अहो, मला तर मजा येत होती. पुन्हा खाली नेलं, कासव दिसलं, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. नवरा बोटीवर पोट धरून हसत होता. छान असेल तर बोटांचं गोल कडं करायचं, हे तिला आधी सांगितलं होतंच, पण आनंद झाला की शिकलेलं कुठे लक्षात राहतं. दाजींनी कपाळाला आठी घातली नाही. त्या दिवशी बिचारीने समुद्रापेक्षा शिडीच जास्त पाहिली.

आता मुद्द्याचं. या मोसमाच्या सुरुवातीला दाजींना धाप लागायला लागली. घराचा जिना चढताना मधेच थांबून भिंतीकडे बघायचे, जणू रंग कुठे उडालाय ते तपासताहेत. ताईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. ती त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी फुप्फुसांची चित्रं काढली आणि स्वच्छ सांगितलं, जमिनीवर सांभाळून राहिलात तर बरीच वर्षं काढाल, पण पाण्याखाली जाणं बंद. गेलात तर दर वेळी वर याल याची हमी मी देत नाही. बाहेर आल्यावर दाजी ताईला म्हणाले, "त्यांना पोहता येत नसावं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे बोटीवर हजर.

ताई रडली, भांडली, शेवटी अबोला धरला. दाजींशी अबोला धरणं म्हणजे माशाला पाण्यात बुडवायची धमकी देणं. त्यांना दोन दिवस पत्ताच नव्हता. मग मी तोंड घातलं. म्हटलं, "दाजी, ताईचा तरी विचार करा. दुकानात बसा, टाक्या भरा, नवशिक्यांना कोरड्यावर शिकवा. कोण नको म्हणतंय?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नांगराची दोरी ओढून पाहिली आणि म्हणाले, "ही बदलायला झालीय." मी कपाळावर हात मारून घेतला.

राहिली माझी भाची. तिला दाजींनीच शिकवलं, आणि आता तीही त्याच बोटीवर पाहुण्यांना खाली नेते. बोटीवर ती त्यांना मास्तर म्हणते, घरी बाबा. तिनेही आधी हातापाया पडून पाहिलं. मग एकाएकी गप्प झाली. फक्त रोजच्या वाटणीत स्वतःचं नाव बापाबरोबर लावून घ्यायला लागली. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला एक जोडीदार असतो, उडी मारण्याआधी एकमेकांचे पट्टे आणि हवा तपासायची, खाली एकमेकांवर नजर ठेवायची. दाजी कधी कुणाचे जोडीदार नसायचे, ते सगळ्यांचेच. आता ते मुलीचे झाले. दाजींना यात वावगं वाटलं नाही. मी मात्र, ती पोर रोज सकाळी बापाच्या पाठीचे पट्टे ओढून बघायची तेव्हा, इंजिनात डोकं घालायचो.

त्या दिवशी पाहुणे मुरलेले होते. त्यातल्या एकाला मी मनात ॲडमिरल नाव ठेवलं. स्वतःचा सगळा सरंजाम घेऊन आलेला, पोटरीला सुरी, मनगटावर ताटलीएवढं घड्याळ, आणि तोंडात एकच विषय, आपण आजवर कुठले कुठले समुद्र पालथे घातले. बाकीचे दोघे त्याचे मित्र, ते माना डोलवायला आणलेले. त्यांना भिंत बघायची होती. बेटाच्या पाठीमागे समुद्राचा तळ एकदम तुटतो आणि खडक सरळ काळोखात उतरत जातो, त्याला आम्ही भिंत म्हणतो. तिथे नवशिक्यांना नेत नाहीत. मला विचाराल तर कुणालाच नेऊ नये, पण मला विचारतो कोण.

सगळे उतरले. वर मी एकटा. माझं काम बुडबुड्यांवर नजर ठेवायचं, ते जिकडे जातील तिकडे बोट हळूहळू न्यायची. त्या दिवशी बुडबुडे भिंतीच्या कडेने जेमतेम निघाले आणि मागे फिरले. मग बोटीजवळ येऊन एका जागी थबकले. वर येताना थोड्या खोलीवर थांबून शरीराला सवड द्यावी लागते, तेच चाललं होतं. पण इतक्या लवकर? माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

खाली काय झालं ते भाचीने मला नंतर सांगितलं. खाली नेणारा वाटाड्या, म्हणजे आमच्याकडे दाजी, दर थोड्या वेळाने सगळ्यांना हवा किती उरली ते खुणेने विचारतो. तळहातावर दोन बोटं टेकवायची, की समोरच्याने बोटांनी आकडा दाखवायचा. आकडाच दाखवायचा. ठीक आहे म्हणून गोल कडं करणाऱ्याला दाजी सरळ वर आणतात, कारण ज्याला आकडा सांगायचा नसतो तोच ठीक आहे म्हणतो. पण वाटाड्याला कुणी विचारत नाही. तशी पद्धतच नाही. त्या दिवशी भाचीने विचारलं. दाजींनी गोल कडं केलं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा कडं. तेव्हा तिने बापाच्या तोंडासमोर अंगठा वर धरला. दाजींनी एक क्षणही दवडला नाही. तिन्ही पाहुण्यांकडे वळले, स्वतः अंगठा वर केला आणि सगळ्यांना घेऊन निघाले.

ॲडमिरल शिडी चढतानाच सुरू झाला. "काय झालं? माझी अर्धी टाकी शिल्लक आहे. अंगठा कुणी केला?"

"मी," भाची म्हणाली.

"पण का?"

दाजी बाकावर बसले होते, खांदे वरखाली होत होते. श्वास जरा बसल्यावर बोलले, "या बोटीवर ते विचारत नाहीत."

मी दाजींची टाकी उतरवून घेतली. तिच्यावरची सुई लाल पट्ट्यात पार कडेला टेकली होती. पाहुण्यांची अर्धी शिल्लक आणि आमच्या मास्तरांची संपायला आलेली. आजवर उलट असायचं, दाजी सगळ्यांत जास्त हवा घेऊन वर यायचे, जसं काही लोकांनी सोडलेल्या श्वासावरच भागवतात. मी टाकी फळीखाली सरकवली. दाजींनी मला पाहिलं आणि नजर वळवली.

दोन बुड्यांच्या मधे वर बसून राहावं लागतं. फळं, बिस्किटं, गोड चहा. ॲडमिरल घड्याळाची बटणं दाबत होता. भाची पाठमोरी बसून पायात घालायचे रबरी पंख मांडीवर घेऊन उगाच पुसत होती, ते केव्हाच कोरडे झाले होते.

वेळ झाली तशी दाजींनी नवी टाकी चढवली. भाची समोर आली. खांद्याचा पट्टा ओढला, कमरेचा ओढला, नळीतून श्वास घेऊन पाहिला. सगळं नीट होतं. मग तिने तिथेच, कोरड्या फळीवर उभं राहून, अंगठा वर केला.

अंगठा खाली आला नाही.

"अहो, आता तर अजून पाण्यात गेलोच नाही," ॲडमिरल म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. "हा काय पोरखेळ लावलाय?"

दाजींनी मुलीकडे बघितलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. राग असता तर मी ओळखला असता. त्यांनी कमरेची कडी सोडली, मग खांद्याची. टाकी बाकावर टेकवली.

"माझ्या जोडीदाराने माझी बुडी मोडली," ते पाहुण्यांना म्हणाले. "तुमची नाही. तुम्हाला ही घेऊन जाईल. वाट तिला ठाऊक आहे." आणि मुलीला म्हणाले, "या साहेबांना जोडीदार घे. खाली सारखी हवा विचार, सांगतील."

ती गेली. पाणी मिटलं. दाजी माझ्याशेजारी सुकाणूपाशी येऊन बसले, ज्या जागी ते कधी बसले नव्हते. मला विचारायचं होतं, जीभ वळवळत होती, पण नियम तो नियम. मी बुडबुड्यांमागे बोट वळवली.

मग दाजीच बोलले. "गेला महिनाभर खाली गेलो की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं. मग मी वाट बघायचो. कुणाचा तरी कान दुखावा, कुणाला तरी थंडी वाजावी, म्हणजे वर येता येईल."

"मग स्वतः का नाही हो केला अंगठा?" मी म्हटलं. नियम मोडला माझ्या हातून, पण राहवेना.

"माझ्या मागे लोक असतात. ते माझ्याकडे बघून धीर धरतात." थांबले, श्वास घेतला. "हात उचललाच जात नव्हता रे. स्वतःसाठी अंगठा करायला मला कुणी शिकवलंच नाही."

मी उरलेला गोड चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

पाहुणे वर आले ते खूश होऊन. भिंतीत मोठा मासा दिसला होता, ॲडमिरलला तो केवढा होता हे सांगताना हात पुरेनात. भाची सगळ्यांत शेवटी शिडी चढली. बापाकडे न बघता म्हणाली, "मास्तर, रागावलात?"

दाजी उठले. तिच्या पाठीवरची टाकी दोन्ही हातांनी तोलून धरली, भार स्वतःकडे घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला खाली भीती वाटत होती. रोज वाटत होती. तू वर आणलंस, बरं केलंस. आता मी उतरणार नाही."

ॲडमिरलचे मासा मोजणारे हात खाली आले. भाची मास्क काढायचा सोडून तशीच उभी राहिली, आणि काचेच्या आत तिचे डोळे भरून वाहत होते.