रक्ताला लागलेलं पाणी

"तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतायत," डॉक्टर म्हणाले. "याला हिमोलायसिस म्हणतात."

माझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. माझा नवरा विलास खाटेच्या पायाशी उभा होता. "हिच्या किडन्या गेल्यात ते माहीत आहे आम्हाला," तो म्हणाला. "पण रक्ताला काय झालं?"

"बहुतेक डायलिसिसचं पाणी."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे, मुलुंडला राहते. तीन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेते. ज्यांच्या घरात हे नाही त्यांना सांगते. डायलायझर म्हणजे कृत्रिम किडनी. तिच्यात एक पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूने आपलं रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने पाणी. एका वेळेला शंभराच्या वर लिटर पाणी लागतं. घरी मी पेल्यावरच्या खुणेपर्यंत मोजून, उकळलेलं पाणी पिते. त्या शंभर लिटरबद्दल मात्र तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

जुलै होता. आठवडाभर नळाला गढूळ पाणी येत होतं आणि त्याला औषधाचा उग्र वास होता. चहासुद्धा तसाच लागायचा. सोसायटीत सगळे म्हणत होते, तलावातूनच तसं येतंय, काय करणार?

मंगळवारी डायलिसिसनंतर जिना चढताना धाप लागली. वाटलं, थकवा असेल. गुरुवारी अर्ध्या तासातच डोकं ठणकायला लागलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर परबकाका असायचे. मालवणकडचे, मिलमध्ये आयुष्य गेलेलं, बोलके. त्या दिवशी ते गप्प होते. मग हळूच म्हणाले, "गो बाय, माका आज बरा वाटणा नाय. छातीत कायतरी जड वाटता. तुका पण वाटता काय?"

मी हो म्हणेपर्यंत माझ्या नळीतलं रक्त काळपट दिसायला लागलं होतं. रेहाना सिस्टर धावत आल्या. त्यांनी माझं बोट ऑक्सिमीटरमध्ये घातलं, आकडा बघितला आणि मशीन बंद केलं. मग काकांचंही केलं. हाताला सुया तशाच, उठता येत नाही, ओरडायलाही दम नाही. आपल्या अंगात काय शिरलंय ते कळत नाही. ती दहा मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

मला आणि काकांना मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. मी तिथे चार दिवस होते. दोन बाटल्या रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नीट समजावलं. पावसात तलावात सांडपाणी आणि घाण जास्त येते, म्हणून पाण्यात क्लोरीन वाढवतात. घाणीतल्या अमोनियाशी मिळून त्याचं क्लोरामाइन होतं. तेवढं पोटात गेलं तर सहसा काही होत नाही. थेट रक्तात गेलं तर पेशी फुटतात. ते अडवायला सेंटरमध्ये कार्बन फिल्टर असतो, कोळशाची टाकी. आमच्या सेंटरमधल्या कोळशाची ताकद संपलेली होती.

"मग चूक कुणाची?" विलासने विचारलं.

"फिल्टर बघायला हवा होता, हे खरं. पण क्लोरीन वाढवलं नाही तर शहर आजारी पडेल. आणि तलावात येणारी घाण..." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

परबकाका चौथ्या दिवशी गेले. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. त्यांचा जावई वॉर्डाबाहेर भेटला. "पाण्याने झालं असं लिहून द्या म्हटलं तर कोण देणार?" एवढंच बोलला.

डिस्चार्जच्या दुसऱ्याच दिवशी माझं डायलिसिस होतं. विलासने ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत फोन केले. कुठेच जागा नव्हती. सगळीकडे वेटिंग. डायलिसिस टाळलं तर अंगात साठलेलं पाणी फुप्फुसात चढतं. त्याच सेंटरमध्ये गेलो, त्याच खुर्चीवर. शेजारी काकांच्या जागी नवीन पेशंट होता.

कोळसा नवा होता. तरी मी रेहाना सिस्टरना म्हटलं, "आधी पाण्याची टेस्ट दाखवा." छोट्या नळीत फिल्टरमधून आलेलं पाणी घेऊन पावडर टाकतात. क्लोरीन असेल तर गुलाबी होतं. त्यानंतर प्रत्येक वेळी मी बघायला लागले.

ऑगस्टमध्ये एका सकाळी पाणी गुलाबी झालं.

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मग वरिष्ठांना न विचारता सगळी मशीनं थांबवली. महिन्याभरात तो कोळसाही निकामी झाला होता; नवा यायला दुपार होणार होती. घाटकोपरच्या मंजुळाबेन आधीच सुजलेल्या होत्या, बसल्या जागी धापा टाकत होत्या. त्या माझ्यावर चिडल्या. "तुझ्यामुळे थांबलं सगळं! मला श्वास नाही घेता येत, कळतं का तुला?"

पाणी खराब, आणि त्या पाण्याशिवायही मरण. मलाही धाप लागली होती. दुपारी फिल्टर बदलला, दोनदा टेस्ट झाली. माझा नंबर पहिला होता, तो मी मंजुळाबेनना दिला.

तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल तर दर वेळी विचारा: पाणी तपासलं का, दाखवा. लाज वाटू देऊ नका. तलाव माझ्या हातात नाही, त्यात कोण काय सोडतं तेही नाही. एका सिस्टरने माझ्या शब्दाखातर दर वेळी टेस्ट दाखवली आणि नोकरीची पर्वा न करता मशीनं थांबवली, तिचे उपकार मात्र मला मोजता येत नाहीत.

पुढच्या खेपेला मी जरा उशिरा पोचले. आत मंजुळाबेन चष्मा लावून पुढे वाकल्या होत्या. "रेहानाबेन, पहेले पाणी दाखवा," त्या म्हणत होत्या.

त्या दिवशी रंग आला नाही. पुढच्या वेळचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही हात पुढे केले.